मगदूम सरांचा दम

"सोडत काढणार म्हणतीस? माझ्या हृदयाची?"

मगदूम सर हे म्हणाले तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटाला घट्ट पट्टा बांधलेला होता, छातीवर वायरी चिकटवलेल्या होत्या आणि अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम तीन तास झाले होते. मी खाटेशेजारी संमतिपत्राचे अकरा कागद धरून उभी होते.

"हृदयाची नाही सर, गोळीची," मी म्हणाले. "दोन गोळ्या आहेत. दोन्ही चांगल्या, दोन्ही डॉक्टर रोज देतातच. तुम्हाला कुठली मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार."

"म्हणजे नाणेफेक."

"हो, तसंच."

"मग कॉम्प्युटर कशाला? पद्मा, तुझ्याकडं रुपाया हाय का?"

पायथ्याशी बसलेल्या पद्मावतीकाकूंनी डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. "सकाळी मरता मरता वाचलाय. जरा गप पडा की."

मिरजेतल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. बी.फार्म. होऊन दोन वर्षं मी एका औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या दिल्या होत्या. मग हृदयविभागात औषधांची तुलना करणारा एक अभ्यास सुरू होणार म्हणून जाहिरात आली आणि तिथल्या हृदयतज्ज्ञ नाडगौडा मॅडमनी मला समन्वयक म्हणून घेतलं. रुग्णाला समजावणं, सही घेणं, गोळ्या देणं, दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजणं आणि सगळं फाइलीत लिहिणं, हे माझं काम. अब्बा अभिमानानं सगळ्यांना सांगायचे, "आमची शमीम संशोधन करते." अम्मी म्हणायची, "गोळ्या मोजते."

सरांनी कागद चाळला. "हे बघ, शीर बंद होती, ती मॅडमनी उघडली, आत जाळी बसवली. झालं की. आता कसलं संशोधन?"

"मोठी शीर उघडली, सर. पण तिच्या पुढं हृदयात केसासारख्या बारीक वाहिन्या असतात. गुठळीचे कण वाहत जाऊन तिथं अडकतात. मग वरून रक्त सुटलं तरी खाली पोचत नाही, आणि तेवढा भाग मरतो."

सरांनी डाव्या हातानं हवेत एक रेघ ओढली. "कालव्याला पाणी सुटलं, पण चारीत गाळ. शेवटच्या वाफ्याला थेंब नाही."

"अगदी बरोबर!"

"पीटीचा मास्तर असलो तरी बापाचा ऊस होता, पोरी. पुढं बोल."

मग मी सांगितलं की रक्तात काही चिकट पेशी असतात, त्या एकमेकींना धरतात आणि गुठळी होते. या दोन्ही गोळ्या त्यांना धरू देत नाहीत.

"पकड होऊ देत नाहीत," सर म्हणाले.

"हो. जुनी गोळी दिवसातून एकदा, नवी दोनदा. नवी जास्त जोराची आहे. पण बारीक वाहिन्या कुठली जास्त वाचवते, ते बघायचंय. आत्ता एक एमआरआय आणि तीन महिन्यांनी एक. फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसणार कुणाला कुठली गोळी दिली."

"पंच आंधळा पाहिजे, तरच न्याय." सरांनी डाव्या हातानं सही केली. ती सही पुढं प्रत्येक तपासनीस दोनदा बघायचा.

कॉम्प्युटरनं नवी गोळी दिली, टिकाग्रेलोर. सरांनी बाटलीवरचं नाव चष्मा वर करून वाचलं. "टिका... ग्रेलोर. नावातच 'टिका' म्हणतेय. आता टिकायलाच पाहिजे."

सर समडोळीचे. तिथल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं खेळाचे शिक्षक, आणि निवृत्त झाल्यावरही मैदान सुटलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवायचे, फुकट. वय एकसष्ट. खांदे अजून दाराच्या चौकटीएवढे.

पंधरा दिवसांनी ते पहिल्या भेटीला आले तेव्हा माझ्या खोलीत शिरता शिरताच म्हणाले, "मोज बाई, मोज. एक जरी कमी निघाली तरी पद्माला धर. ती घरात सगळं चाखून बघते."

मी स्टीलच्या तबकात गोळ्या ओतल्या आणि सुरीच्या पात्यानं पाच पाच करून सरकवल्या. जितक्या उरायला हव्यात तितक्याच उरल्या होत्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

हे किती दुर्मीळ होतं ते सांगितलं पाहिजे. माझे बाकीचे रुग्ण गोळी विसरायचे, दोन एकदम घ्यायचे, बाटली प्रवासात हरवायचे. एकानं शेजाऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून चार गोळ्या त्याला देऊन टाकल्या होत्या. मॅडम म्हणायच्या, "शमीम, तुझी फाइल म्हणजे गावचा बाजार आहे." आणि इथं हा माणूस, शंभर टक्के.

"सर, तुम्ही माझे आदर्श रुग्ण," मी म्हणाले.

"आदर्श शिक्षक पुरस्कार तीनदा हुकला. हा तरी मिळाला."

मग छापील प्रश्न. मी वहीत बघत भराभरा विचारले. "कुठून रक्तबिक्त?" नाही. "छातीत दुखतं?" नाही. "दमबिम लागत नाही ना, सर?"

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "कबड्डीच्या मास्तरला विचारतीस, दम लागतो का?"

आम्ही दोघं हसलो. मी चौकटीत 'नाही' लिहिलं.

महिन्याच्या भेटीलाही आकडा शंभर टक्केच. त्या दिवशी खोलीत कुपवाडचे एक गिरणीवाले बसले होते, दौलतराव म्हणून. त्यांच्या बाटलीत वीस गोळ्या जास्त निघाल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "काका, जरा मगदूम सरांकडं बघा. त्यांच्याकडून शिका." दौलतरावांनी सरांकडं असं बघितलं की जणू वर्गातल्या हुशार मुलाला मधल्या सुट्टीत गाठायचं ठरवताहेत. सर मात्र खुर्चीत ताठ बसले. जाताना मला हळूच म्हणाले, "बिचाऱ्याला सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतंस." पण खूश दिसले.

दोन महिन्यांची भेट सोमवारी होती. शनिवारी मॅडमना अचानक मुंबईला जावं लागलं, म्हणून मी सगळ्यांना फोन करून भेटी गुरुवारवर ढकलल्या. सर म्हणाले, "मॅडम पळाल्या की काय?" मी म्हणाले, "तुमच्या आकड्याला घाबरून."

गुरुवारी त्यांनी बाटली ठेवली आणि पोरींचा सराव आहे म्हणून घाईनं निघून गेले. रक्तदाब घेतला, नेहमीचे प्रश्न झाले, नेहमीची उत्तरं झाली. गोळ्या मी नंतर मोजल्या.

तीन जास्त निघाल्या.

मी पुन्हा मोजल्या. तीनच. मला हसू आलं. अखेर सरांचीही विकेट पडली! पुढच्या वेळी चांगली खेचायची, असं ठरवून मी फाइलीत आकडा लिहिला आणि डबा उघडला.

भाकरीचा दुसरा घास तोंडात होता तेव्हा तो आकडा परत डोक्यात आला. दोन महिने एक चूक नाही, आणि आता तीन. सोमवार ते गुरुवार किती दिवस? तीन.

तीन दिवस, तीन गोळ्या. रोज एक.

मी डबा तसाच ठेवला आणि फाइल उघडली. सोमवारच्या हिशेबानं बाटलीत किती उरायला हव्या होत्या ते काढलं. त्यातून तीन दिवसांच्या तीन वजा केल्या. सहा नव्हे, तीन. उरला तो बरोबर बाटलीतला आकडा. म्हणजे ती बाटली सोमवारसाठी तयार केलेली होती. जादाच्या गोळ्या कुणीतरी आधीच काढून ठेवल्या होत्या, मग भेट पुढं गेली, आणि पुढचे तीन दिवस फक्त एकेकच गोळी बाटलीतून गेली. सर संध्याकाळची गोळी घेत नव्हते. आणि किती दिवसांपासून घेत नव्हते, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

जाळी बसवलेल्या माणसानं ही गोळी अर्धीच घ्यायची म्हणजे काय, ते मी स्वतः चाळीस जणांना बोट नाचवून सांगितलं होतं. जाळीतच गुठळी धरते. धरली की वेळ देत नाही.

तरी खरं सांगते, मी लगेच उठले नाही. मंगळवारी अभ्यासाच्या फाइली बघायला मुंबईहून तपासनीस येणार होते. माझा एक वर्षाचा करार वाढवायचा की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं, आणि माझ्या सगळ्या फाइलींत दाखवण्यासारखी एकच होती. 'तीन गोळ्या चुकल्या' एवढं लिहिलं तर ते खोटंही नव्हतं. कुणी काही विचारलं नसतं. पाच-सात मिनिटं मी त्या तबकाकडं बघत बसले. मग पर्स उचलली.

एसटीनं समडोळीत उतरले तेव्हा साडेचार झाले होते. शाळेचं मैदान रस्त्याला लागूनच. चौदा-पंधरा पोरी लाल मातीत घुमत होत्या आणि सर प्लास्टिकच्या खुर्चीत शिट्टी घेऊन बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच सावध झाला.

"संशोधन चालत आलं की काय?"

"सर, तीन गोळ्या जास्त निघाल्या."

"तीनच ना? तुझे ते दौलतराव वीस वीस विसरतात. त्यांच्या घरी गेलीस का?"

"तीन दिवसांत तीन, सर. रोज एक."

एका पोरीनं चढाईत गडी मारला, तिकडं बघून सरांनी उगाचच शिट्टी फुंकली.

"तू फार्मसी कशाला केलीस?" ते म्हणाले. "पोलिसात जायचं."

"संध्याकाळची घेत नाही ना तुम्ही?"

"बस. तुला एक गंमत दाखवतो." त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मी सुरू केलं की दाब."

"सर, नको."

पण त्यांनी श्वास भरला होता. मी बटण दाबलं. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." आवाज बारीक, एकसुरी, पाठ सरळ, हात मांडीवर. पोरींचा खेळ थांबला. त्या बोटांवर सेकंद मोजायला लागल्या. शेवटी आवाज चिरला आणि सरांनी हात वर केला.

"किती?"

"एकतीस सेकंद."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्यांना हातानंच खेळायला सांगितलं आणि माझ्याकडं वळले. श्वास वर-खाली होत होता तरी डोळे चमकत होते.

"दोन्ही गोळ्या खात होतो तेव्हा सतरा. सतरा, पोरी! हे पाचवीच्या मुलीचं माप झालं. चालताना काही नाही. पण नुसतं बसलोय, पेपर वाचतोय, आणि अचानक श्वास अर्धाच आत जायचा. उरलेला कुणीतरी दारात अडवून धरलाय असं वाटायचं. म्हटलं, झालं आपलं. मग एकदा संध्याकाळची गोळी विसरलो, तर रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरलो."

"हा त्या गोळीचाच त्रास आहे, सर! माहीत असलेला त्रास आहे, माझ्या कागदावर छापलाय. बऱ्याच जणांना होतो. त्याला उपाय आहे, गोळी बदलता येते. नुसतं सांगायचं होतं. मी दर वेळी विचारत नव्हते का?"

"काय विचारत होतीस? आठव."

मी आठवलं. दमबिम लागत नाही ना, सर?

"'नाही ना' म्हटल्यावर माणूस 'नाही' म्हणणार की," सर म्हणाले. ते रागावलेले नव्हते. उलट माझीच समजूत घालत असल्यासारखे बोलत होते. "आणि वर तू म्हणायचीस, माझे आदर्श रुग्ण. त्या गिरणीवाल्यासमोर म्हणालीस. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना मार्क दिले. साठी उलटल्यावर पहिल्यांदा मला कुणी शंभरपैकी शंभर दिले. ते घालवायचं जिवावर आलं."

आपलंच वाक्य ऐकून त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

"जादाच्या गोळ्या भेटीच्या आधी काढून ठेवत होता?"

"मोजून. माझं गणित चांगलं हाय. तुझ्या मॅडमनीच घोळ घातला."

"छातीत काही?"

त्यांनी पोरींकडं बघितलं. "जिना चढताना. थोडं. तीन-चार दिवस झाले. लगेच थांबतं."

मी उठून बाजूला गेले आणि मॅडमना फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन ये. त्यांना चालवू नको, गाडी जवळ आण." परत आले तर सर पायात चप्पल सरकवत होते, मला वाटलं निघाले. पण ते म्हणाले, "सोमवारी येतो. शनिवारी वाळव्याच्या शाळेशी सामना हाय."

मी विनवलं, ओरडले, पोरींसमोर ओरडले. ते मिशीत हसत राहिले. "बघा गं, ही माझ्यापेक्षा कडक." शेवटी मी त्यांच्या घरी फोन केला. घर मैदानाच्या मागच्याच गल्लीत. पाच मिनिटांत पद्मावतीकाकू आल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात दाढीच्या सामानाचा पत्र्याचा डबा. मागोमाग शेजाऱ्यांची सुमो.

काकूंनी डबा माझ्या ओंजळीत उपडा केला. ब्रश, साबणाची वडी आणि मूठभर पिवळ्या गोळ्या.

"पंधरा दिवसांमागं सापडल्या मला," काकू म्हणाल्या. "विचारलं, हे काय? तर म्हणाले, शमीमनं जादा दिल्यात, प्रवासासाठी."

मी सरांकडं बघितलं. ते चप्पल नीट करायला खाली वाकले.

"म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी, तिनंच दिल्या तर असतील," काकू पुढं म्हणाल्या. "पण पिशवी भरून ठेवली. दोन लुंग्या, टॉवेल, तांब्या. माणूस खोटं बोलायला लागला की दवाखाना लांब नसतो. चला आता, का हितंच सगळ्या पोरींसमोर हात धरून ओढू?"

सर गुपचूप गाडीत बसले.

सांगलीपर्यंत त्यांनी आमची करमणूक केली. ड्रायव्हरला गिअर कसा टाकायचा ते शिकवलं, मंगळवारच्या तपासणीचं कळल्यावर मला म्हणाले, तुझ्या त्या साहेबाला सांग की मास्तर कॉपी करताना पकडला. आयर्विन पुलावर आलो तेव्हा मात्र बोलणं थांबलं. त्यांनी खिडकीबाहेर बघतच माझं मनगट धरलं. हात गार होता आणि घामानं ओला. मिरज येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. काकू पुढच्या सीटवर णमोकार मंत्र म्हणत होत्या.

जाळीच्या कडेला गुठळी धरायला लागली होती. मॅडमनी काचेतून मला पडद्यावर दाखवली. रक्ताच्या काळ्या रेघेत एक पांढुरका डाग, तांदळाच्या कणीएवढा. "अजून शीर बंद झालेली नाही," त्या म्हणाल्या. "आठ दिवस थांबले असते तर..." आणि पुढं न बोलता आत गेल्या. पाऊण तासानं बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. त्या फार खूश असल्या की असं काहीतरी करायच्या.

दोन दिवसांनी सरांना जुनी गोळी सुरू केली, दिवसातून एक. मी विचारलं, "पण मॅडम, नवी जास्त जोराची ना?"

"जोराची गोळी दाढीच्या डब्यात पडून काय कामाची? साधी गोळी पोटात गेलेली बरी."

सर आतून ओरडले, "मी ऐकतोय!"

"ऐकण्यासाठीच बोलले," मॅडम म्हणाल्या.

मग अहवाल लिहायचा होता. नियम मोडला गेला की एक छापील कागद भरावा लागतो: काय झालं, केव्हा कळलं, कारण काय. मॅडमनी तो माझ्यापुढं सरकवला. "कारण काय लिहिणार? रुग्णानं माहिती लपवली?"

मी पेन उचललं. मग लिहिलं, 'समन्वयकानं प्रश्न असा विचारला की रुग्णाला एकच उत्तर देता येईल. समन्वयकानं रुग्णाची इतरांसमोर वाखाणणी केली, त्यामुळे चूक सांगणं त्याला अवघड झालं.' खाली सही केली, शमीम मुजावर. मॅडमनी वाचलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली.

मंगळवारी तपासनीस आले. बारीक, पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ, चहात साखर नको म्हणणारे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"जे झालं ते लिहिलंय, सर."

"बाकीच्या चाळीस जणांना तुम्ही हाच प्रश्न असाच विचारलात?"

"हो."

"मग पुन्हा विचारा. सगळ्यांना. या वेळी 'ना' न लावता."

पुढचे दहा दिवस मी फोनवर होते. 'गेल्या महिन्यात किती वेळा गोळी राहिली? दम केव्हा लागतो?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड होतं; अम्मी म्हणाली, तुला हे आधीच कुणीतरी शिकवायला हवं होतं. चाळीसपैकी अठरा जणांनी काहीतरी सांगितलं जे फाइलीत नव्हतं. चौघांना दम लागत होता, चौघंही नव्या गोळीवर. मॅडमनी चौघांनाही बोलावून घेतलं. एकाचा दम खरंच हृदयाचा निघाला, तिघांचा गोळीचा. दौलतराव फोनवर म्हणाले, "वीस नव्हे, पोरी, पस्तीस. पंधरा मी फेकल्या होत्या. तुला वाईट वाटू नये म्हणून."

माझा करार वाढला. शेऱ्यात त्या गृहस्थांनी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

अभ्यास संपून आकडे हातात यायला आणखी अडीच वर्षं गेली. आमच्या अभ्यासात तरी, बारीक वाहिन्यांचं नुकसान दोन्ही गोळ्यांत जवळपास सारखंच निघालं. एवढी धावपळ आणि बरोबरी! मॅडम म्हणाल्या, बरोबरीही उत्तरच असतं. ज्यांनी भाग घेतला त्यांना निकाल प्रत्यक्ष जाऊन सांगायचा, असं आम्ही ठरवलं, आणि समडोळीची पाळी अर्थातच माझी होती.

सर मैदानावरच होते. मिशा पूर्ण पांढऱ्या झालेल्या, वजन थोडं उतरलेलं, खुर्ची तीच. मी निकाल सांगितला.

"आणि माझं काय धरलं? मी अर्धा हिकडं, अर्धा तिकडं."

"तुम्ही नव्या गोळीतच. सोडतीत जी गोळी मिळाली तिच्याच गटात मोजायचं, मग पुढं काहीही होवो. तसा नियम आहे."

"म्हणजे खेळलो एका संघाकडनं आणि गुण दुसऱ्याला?" सर खो खो हसले. "पंच आंधळा पाहिजे म्हटलं होतं, एवढा नव्हे!"

"या महिन्यात किती गोळ्या राहिल्या, सर?" मी सवयीनं विचारलं.

"दोन. एक भाचीच्या लग्नात आणि एक आळसानं. लिहून घे."

"अभ्यास संपलाय, सर. आता कुठं लिहू?"

"तरी पण सांगितलं."

एवढ्यात मैदानात एक किडकिडीत पोरगी चढाई अर्धी टाकून मध्यरेषेशी थांबली. कमरेवर हात ठेवून ती सरांकडं बघत म्हणाली, "सर, दम लागला."

सरांनी शिट्टी वाजवली. "ये, बस सावलीत. पाणी पी घोट घोट. बरं केलंस सांगितलंस."

दुसरी पोरगी तिच्या जागी गेली. खेळ सुरू झाला. सर तिकडंच बघत होते, आणि माझ्याशी बोलताहेत की स्वतःशी, ते कळत नव्हतं.

"चौतीस वर्षं ह्या एका वाक्याला मी मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. पोरी शहाण्या. हळूहळू म्हणायच्याच बंद झाल्या." त्यांनी शिट्टी बोटात फिरवली. "आणि मी गावभर सांगत फिरायचो, माझ्या पोरींना दमच लागत नाही."